पाणी तोडलेला मोगरा

माझ्या सासूबाईंचा एक ठाम समज होता. जगातल्या कुठल्याही दुखण्यावर एक तांब्या पाणी हाच उपाय. पोरगं रडतंय, पाणी द्या. दारात पाहुणा आलाय, पाणी द्या. मोगरा फुलत नाही, पाणी द्या. पहिल्या दोन गोष्टींत त्या अगदी बरोबर होत्या. तिसरीवरून आमच्या घरात जे महाभारत झालं ते सांगते.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. ह्यांना तुर्भ्याच्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही गिरगावच्या चाळीतलं बिऱ्हाड उचलून वाशीला आलो. तेव्हा वाशी म्हणजे नातेवाइकांना परदेश वाटायचा. “खाडीपलीकडे? तिकडे माणसं राहतात?” असं लोक तोंडावर विचारायचे. रेल्वे नव्हती, बस मिळाली तर मिळाली. पण घर बैठं होतं, आपलं होतं, आणि मागच्या दाराशी चारेक खाटा मावतील एवढी जमीन होती. चाळीत आयुष्य गेलेल्या सासूबाई पहिल्या दिवशी त्या जमिनीवर नुसत्याच इकडून तिकडे चालत होत्या.

त्यांच्याबरोबर गिरगावहून मोगराही आला होता. चाळीच्या गॅलरीत रॉकेलच्या कापलेल्या डब्यांत त्यांनी तो वाढवला होता. सामान हलवायच्या दिवशी टेम्पोत कपाट आणि पलंगाच्या मधे त्या स्वतः डबे धरून बसल्या. “कपाटाला पोचा आला तरी चालेल, माझ्या मोगऱ्याला धक्का लागला तर बघा!” असा ड्रायव्हरला दम देत त्या खाडीपूल ओलांडून आल्या. मग लाल माती विकत आणून, डबे फोडून मोगरा जमिनीत लागला. जमीन भरावाची होती, खाडी बुजवून केलेली. उन्हाळ्यात वर पांढरं मीठ फुलायचं. शेजारच्यांनी हौसेने खड्डा खणला, पाणी लागलं म्हणून पेढे वाटले, आणि चव बघितली तर खारट ढोण. त्यामुळे झाडांना काय ते नळाचंच पाणी, आणि नळ यायचा सकाळी थोडा वेळ.

मोगऱ्याने जमीन बघितली आणि तो सुटलाच. हिरवागार, दाट, कुंपणावर चढायला निघालेला. सासूबाई रोज भर दुपारी, ऊन अगदी डोक्यावर असताना, तांब्यातांब्याने त्याला वरून अंघोळ घालायच्या. “तापलाय बिचारा,” म्हणायच्या. पानं अशी तकतकीत की बघत राहावं. फुलं मात्र देवाच्या पूजेपुरती, तीही रुसल्यासारखी.

मी नगर जिल्ह्यातली. लिंबाच्या बागेत वाढलेली. त्यात तोंडाने फटकळ. माहेरी म्हणायचेच, हिच्या जिभेला हाड नाही. झाडाकडे बघून मला सगळं कळत होतं, पण नवी सून, गप्प बसले होते. खरं सांगायचं तर मी गप्प बसले होते असं मला वाटत होतं. हे म्हणतात मी रोज बडबडत होते.

आता माझ्या नणंदेबद्दल सांगते, कारण हे सगळं तिच्यासाठी घडलं. ह्यांची ही एकच बहीण. माझ्याहून थोडी लहान, पनवेलला दिलेली. माझ्या लग्नातच तिने मला कोपऱ्यात गाठून सांगितलं होतं, “वहिनी, मला वन्संबिन्सं म्हणालीस तर बोलणार नाही हं तुझ्याशी.” अशी मोकळी पोर. खिदळायची, मोठ्याने गायची, कुणाच्याही ताटातलं उचलून खायची. आदल्या वर्षी पाचव्या महिन्यात तिचं बाळ गेलं. त्यानंतर ती गप्प झाली ती झालीच.

त्या वर्षी थंडीत ती पुन्हा आली आणि आम्हाला बातमी सांगितली. सांगितली कशी, तर गल्लीतली लाईट गेलीय असं सांगावं तशी. सासूबाईंनी हातातलं पीठ तसंच ठेवून तिला जवळ घेतलं. “काय खावंसं वाटतंय गं बाय?”

“काही नाही.”

“आंबट? तिखट? मासळी आणू?”

“आई, काही नको. आणि कुणाला सांगू पण नकोस.”

पुढच्या प्रत्येक खेपेला हेच. सासूबाई डबे भरभरून पुढे ठेवायच्या आणि ती घासभर खाऊन बाजूला सारायची. बाळाबद्दल कुणी शब्द काढला की उठून जायची. कपडा शिवायचा नाही, दुपट्याचं नाव काढायचं नाही. मला तिची भीती कळत होती. मागच्या वेळी तिने सगळं केलं होतं ना, म्हणून. पण सासूबाईंच्या जिवाची नुसती घालमेल. “गर्भारशीला डोहाळेच नाहीत, असं कधी ऐकलंयस का तू?” रात्री भांडी लावताना मला विचारायच्या. “पोरगी पोटातल्या जिवाला यायला नको म्हणतेय गं. घाबरून दार लावून बसलीय.”

सातव्या महिन्यात डोहाळजेवण करायचं असं तिच्या सासरी ठरलं, अक्षय्यतृतीया झाली की लगेच, आणि आमच्या वाशीच्या घरी. आमच्या विहीणबाई, म्हणजे तिच्या सासूबाई, मायाळू होत्या पण हट्टी. ही “नको, नको” म्हणत राहिली. दोन्ही आयांनी मिळून तिला घेरलं, तेव्हा वैतागून म्हणाली, “बरं करा. पण वाडी भरणार असाल तर आपल्या मोगऱ्याची भरा. बाजारातली फुलं अंगावर नकोत मला.”

वाडी म्हणजे फुलांचे दागिने. वेणी, हार, बाजूबंद, कमरपट्टा, डोक्यावर मुकुट, सगळं फुलांचं, गर्भारशीला घालतात. त्याला टोपल्याच्या टोपल्या कळ्या लागतात. सगळं जग दादरहून फुलं आणतं. आणि आमच्या मोगऱ्याची ऐपत देवापुरती! पण सगळ्या महिन्यांत तिने तोंडाने मागितलेली ही एकच गोष्ट. सासूबाई “बरं” म्हणाल्या, मागच्या दारी गेल्या आणि मोगऱ्याला दोन तांबे पाणी जास्त घालून आल्या.

मग मात्र मला राहवेना. म्हटलं, “आई, असं पाणी घालून तो फुलायचा नाही. त्याचं पाणी तोडायला पाहिजे.”

“काय तोडायला पाहिजे?”

“पाणी. आमच्याकडे लिंबाचा बहार धरायचा असला की आधी बागेचं पाणी तोडतात. ताण देतात म्हणतात त्याला. पानं सुकतात, गळतात. झाड घाबरतं. मग पाणी सोडलं की फुलांनी लदबदून जातं. पोट भरलेलं झाड कशाला फुलेल? त्याला काय पडलंय?”

सासूबाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. “तुमच्या नगरला पाणीच नाही, म्हणून तुम्ही लोकांनी उपासाचं शास्त्र काढलंत. आम्हाला नको शिकवूस.”

“हातच्या कांकणाला आरसा कशाला? बघा की, पानंच पानं आहेत नुसती!”

“उचलली जीभ लावली टाळ्याला! पानं आहेत तर कळ्या पण येतील.”

हे बूट घालत होते. दोघींनी एकदमच त्यांच्याकडे बघितलं. “मला शिफ्टला उशीर होतोय,” एवढं बोलून ते सायकलवर बसून पळाले. लग्नात सप्तपदी चालतात, त्यातलं एक पाऊल हे पळायचं असतं, अशी माझी खात्री आहे.

शेवटी तह झाला. महाशिवरात्रीपर्यंत वाट बघायची. नाही आल्या कळ्या, तर मी म्हणेन तसं. महाशिवरात्र आली, उपास झाला, कळ्या काही आल्या नाहीत. सासूबाई दिल्या शब्दाला पक्क्या. “कर काय करायचं ते,” म्हणाल्या आणि आत जाऊन जपमाळ घेऊन बसल्या. मी कात्री घेतली, सगळा मोगरा छाटला, पानं ओरबाडली, बुंध्याभोवतीची माती उकरून मुळांना जरा ऊन दाखवलं, आणि पाणी बंद केलं. जपमाळेचा आवाज बाहेरपर्यंत येत होता.

झाडाने आता मान टाकायला हवी होती. आजूबाजूचं गवत पिवळं पडलं, तुळस दुपारी मलूल व्हायची, पण हा पठ्ठ्या ताजातवाना. उलट कोवळी पानं फुटायला लागली. मला वाटलं, खाडीची ओल वर येत असेल. मग दोन बोके येऊन मोगऱ्याच्या बुडाशी उकरायला लागले. मोगऱ्याला मांजरं कशाला येतील? वाकून वास घेतला आणि माझं टाळकंच सरकलं. सुरमईचा वास!

खाडीकाठच्या गावातून एक कोळीण रोज टोपली घेऊन यायची. आमच्या मागच्या दाराशी बसून मासळी कापून, धुऊन द्यायची. त्या दिवशी मी बाजारातून मुद्दाम लवकर परतले आणि घराला वळसा घालून मागून गेले. कोळीण टोप धरून बसली होती आणि सासूबाई त्यातलं पाणी वाटीवाटीने मोगऱ्याला घालत होत्या. अगदी हळू, आजाऱ्याला पेज भरवतात तसं.

“आई!”

कोळीण आधी उठली. “आगो वयनी, माजा काय नाय हां. तुजे सासूनी सांगलान. पानी नाय टाकलं तं झार मरंल ना गो!”

सासूबाईंचा चेहरा जराही हलला नाही. “कोण पाणी घालतंय? आम्ही मासळी धुतली. धुतलेलं पाणी टाकू कुठे, डोक्यावर?”

“रोज?”

“रोज मासळी खातो आम्ही. कोकणातली माणसं आहोत.”

“काल संकष्टी होती, आई.”

कोळणीने हळूच टोपली डोक्यावर घेतली आणि काढता पाय घेतला. मी जे सुटले ते सुटले. दिला शब्द पाळायचा नव्हता तर दिला कशाला, एवढ्या दिवसांचा ताण फुकट गेला, आता पुन्हा पहिल्यापासून, दिवस कुठे उरलेत, असं बरंच काही. सासूबाई ऐकत होत्या. मग एकदम त्यांचे डोळे भरले.

“पोर गर्भार आहे गं माझी,” त्या म्हणाल्या. “मागच्या खेपेचं सगळं मी बघितलंय. आणि तू माझ्या दारातलं जितं झाड तहानेने मारतेस. सकाळी उठून मी ते ओरबाडलेलं झाड बघते आणि मला नको नको ते सुचतं. मी बोलू कुणाला? असलं तोंडाने बोलू पण नये.”

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी त्यांच्याजवळ पायरीवर बसले. “आई, मारत नाहीये मी त्याला. आमच्या आबांनी सगळी बाग अशीच वर्षानुवर्षं फुलवली. तिने तोंडाने एकच गोष्ट मागितलीय. ती मला तिला द्यायचीय, बस्स.”

त्यांनी पदराने डोळे पुसले आणि मासळी घेऊन आत गेल्या. त्या रात्रीची सुरमई मात्र दोघींनी एकाच ताटात खाल्ली.

पुन्हा पाणी तुटलं. ह्या वेळी मोगऱ्याने खरंच मान टाकली. उरलीसुरली पानं आतल्या आत वळली, तपकिरी झाली, गळाली. काड्या उरल्या. फाल्गुनाचं ऊन चढत होतं आणि मी सकाळ-संध्याकाळ नखाने साल खरवडून आत हिरवं आहे ना ते बघत होते. लिंबाचं मला माहीत होतं. मोगऱ्याला एवढा ताण सोसतो की नाही, हे मला तरी कुठे माहीत होतं! पण आता सांगणार कुणाला? चोराच्या मनात चांदणं.

आणि नेमकी पाडव्याच्या आधी नणंद आली. ध्यानीमनी नसताना, पनवेलच्या बसने, एकटीच. आली ती सरळ मागच्या दारी गेली. आम्ही दोघी तिच्या मागे धावलो. ती दारात उभी होती. पोट आता छान दिसत होतं. समोर माझ्या त्या काड्या.

“गेला?” तिने विचारलं.

मी घाईघाईने पुढे होऊन गळलेली पानं गोळा करायला लागले.

“राहू दे गं वहिनी,” ती म्हणाली. हसल्यासारखं केलं तिने. “मला उगाच मागायची बुद्धी झाली. माझं असंच असतं.”

तेवढ्यात माझ्या पाठीमागून तोफ सुटली. “गेला काय, गेला काय? काय बोलतेस भरल्या घरात! झोपवलाय आम्ही त्याला. पाणी तोडलंय त्याचं. ताण म्हणतात त्याला, ताण! पोट भरलेलं झाड कशाला फुलेल? त्याला काय पडलंय? आधी पाणी तोडायचं, पानं गळू द्यायची, मग पाणी सोडायचं, की असा फुलतो, असा फुलतो! आमच्या नगरकडे लिंबाला असंच करतात.”

आमच्या नगरकडे! जन्मात पुण्यापलीकडे न गेलेली बाई! मला तशातही हसू आवरेना, पदर तोंडात कोंबला.

“खरंच?” नणंदेने विचारलं.

“खरंच म्हणजे? तुझी आई खोटं बोलेल?”

ती परत मोगऱ्याकडे बघायला लागली. मग आत येऊन तिने अर्धा कप चहा घेतला आणि संध्याकाळच्या बसने गेली. ती वळणाआड होईपर्यंत सासूबाई हात हलवत ताठ उभ्या होत्या. मग त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. “फुलेल ना गं?”

“फुलेल,” मी म्हटलं. आणि मागे जाऊन पुन्हा एकदा साल खरवडून बघितली.

त्या दिवसापासून घरात सत्तापालट झाला. ताण माझा राहिलाच नाही, सासूबाईंनी तो ताब्यात घेतला. खुर्ची टाकून मागच्या दारी पहारा. कोळीण टोप उचलून मोगऱ्याकडे निघाली तर ह्या गरजल्या, “एक थेंब तिथे सांडलास तर याद राख!”

“बाय माजे,” कोळीण म्हणाली, “परवाच्या दिशी तं तूच मागून घेतलंस!”

“ते परवा. आता आमचा ताण चालू हाय,” सासूबाईंनी तिला तिच्याच बोलीत ऐकवलं. तिघी खो खो हसलो.

पाडव्याला गुढी उभारली, कडुनिंब खाल्ला, आणि पाणी सोडायचा मुहूर्त झाला. आदल्या दिवशी मी शेणखत कालवून ठेवलं होतं. प्रत्येक झाडाभोवती रुंद आळं केलं, कारण मुळं बुंध्याला चिकटून नसतात, लांब पसरलेली असतात. कुंभाराकडून विकली न जाणारी पाझरती मडकी आणली होती. ती झाडांच्या मधे गळ्यापर्यंत पुरली. पहाटे मडकं भरून ठेवायचं, आणि ते दिवसभर घामासारखं आत आत पाझरत राहतं. वरून ओतलेलं निम्मं पाणी उन्हाच्याच तोंडात जातं. मडक्याचं मुळांना मिळतं. सासूबाईंनी लगेच मडक्यांच्या तोंडांवर नारळाच्या करवंट्या पालथ्या घातल्या, म्हणजे वाफही जायला नको आणि डासही व्हायला नकोत. हे मला सुचलं नव्हतं. तुर्भ्याला कांदा-बटाट्याचा बाजार नुकताच आला होता, तिथून ह्यांनी फाटकी गोणपाटं आणली. ती आळ्यावर अंथरली, त्यावर वाळका पाला. भर दुपारी गोणपाट उचलून हात लावला तरी खाली माती गार लागायची. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला हात लावून बघायला लावायच्या. पोस्टमनलासुद्धा.

काड्यांना डोळे फुटले. मग कोंब, मग पानं, आणि पानांच्या बगलेत तांदळाच्या कणीएवढं काहीतरी. सासूबाईंनी चष्मा पुसून दोनदा बघितलं आणि मला ओढत नेलं. “ह्या कळ्याच ना गं?” कळ्याच होत्या. एका फांदीला नाही, फांदीफांदीला. मी नाचले. खोटं कशाला बोलू, त्या आळ्याभोवती मी अक्षरशः नाचले. सासूबाई टाळ्या वाजवत होत्या.

आणि नेमकं चैत्राच्या शेवटी नळाचं पाणी गेलं. लाईन फुटली म्हणे कुठेतरी. टँकर यायचा, त्याच्याभोवती अख्खी कॉलनी हंडे घेऊन. घरात पिण्याचं पाणी मोजून, आणि कळ्या भरायच्या दिवसांत आता ताण बसला तर सगळ्या गळून पडणार. मग आमच्या सासूबाईंनी जो कारभार केला तो दिल्लीच्या सरकारला जमला नसता. तांदूळ धुतलेलं पाणी मडक्यात. भाजी धुतलेलं मडक्यात. मासळीचं बंद, मिठाची भीती. पाहुण्यांना अर्धाच पेला, तोही मागितला तर. ह्यांना अंघोळ मागच्या दारी, आळ्यालगतच्या फरशीवर, बिनसाबणाची.

“आई, कारखान्यात माझ्याजवळ कोणी बसत नाही,” हे कळवळून म्हणाले.

“बहिणीसाठी एवढं होत नाही? आणि जरा डावीकडे सरकून घे पाणी, त्या टोकाच्या झाडाला पोचत नाही.”

“मी माणूस आहे की पन्हळ?”

“आधी पन्हळ. माणूस नंतर.”

मी आत हसून हसून लोळत होते. सासूबाई स्वतः तर कपभर पाण्यात तोंड धुऊन तेच पाणी मडक्यात नेऊन ओतायच्या. लाईन दुरुस्त होईपर्यंत एकसुद्धा कळी गळली नाही.

डोहाळजेवणाच्या दिवशी दुपार कलली तशा कळ्या खुडायला घेतल्या. उमललेलं फूल वाडीला चालत नाही. टपोरी, पांढरी, आज संध्याकाळी उघडेल अशी कळी लागते. शेजारणी आल्या, कोळीणही आली, आज टोपलीत मासळी नव्हती. खुडतोय खुडतोय, संपेचना. टोपली भरली, परात भरली, मग पातेली काढली. ओल्या फडक्यांखाली कळ्यांचे ढीग आणि आम्ही सगळ्या फतकल मारून ओवत बसलेल्या. विहीणबाई आल्या, दारातच थबकल्या. “अहो, दादरचा अख्खा बाजार आणलात काय?”

“घरचा आहे,” सासूबाई म्हणाल्या. “सूनबाईने फुलवलाय. मी तर पाणी घालघालून वाटोळंच करत होते.”

सगळ्यांसमोर, खणखणीत आवाजात. मी मान खाली घालून ओवत राहिले, आणि दोरा सुईत जाईना.

संध्याकाळी नणंदेला हिरवी साडी नेसवली, वाडी चढवली. मुकुट, वेणी, बाजूबंद, हाताएवढा रुंद कमरपट्टा. पोट एवढं पुढे की पट्टा दोनदा वाढवावा लागला. झोपाळ्यावर बसवलं. ती बसली नीट, सांगितलं ते करत होती, कुणी ओटी भरली की वाकत होती, पण चेहरा तोच, मिटलेला. बायका गाणी म्हणत होत्या. झाकलेल्या दोन वाट्यांतून एक उचलायला सांगितली, पेढा निघाला. “मुलगा!” सगळ्या ओरडल्या. पुढे झाली मुलगी, चांगली धडधाकट, आणि आजही माझ्याशी तोंडाला तोंड देते.

बाहेर अंधारून आलं तशा तिच्या अंगावरच्या कळ्या उमलायला लागल्या. एकेक करून, तिच्या अंगच्या उबेनेच. खोली वासाने भरून गेली. गाणारणी हळूहळू थांबल्या. ती खाली मान घालून बाजूबंदाकडे बघत होती. मग तिने दोन्ही हात पोटावर ठेवले, कमरपट्ट्यावर, आणि तशीच बसून राहिली.

“आई,” ती म्हणाली. “कैरी आहे का गं घरात?”

सासूबाई ओटीचं ताट घेऊन उभ्या होत्या. “काय?”

“कैरी. फोडी करून, तिखट-मीठ लावून. आणि ओले बोंबील आण ना उद्या, रव्यातले, कडक तळलेले. आणि वहिनी, तुझ्या माहेरचं ते लिंबाचं गोड लोणचं संपलं का? मला बरणीच दे. परत नाही करणार मी. आणि आत्ता कैरी दे आधी, आई, तोंडाला नुसतं पाणी सुटलंय.”

बायका हसायला लागल्या. विहीणबाई म्हणाल्या, “अगं, पंचपक्वान्नांचं ताट वाढलंय तुझ्यापुढे!”

“मला कैरीच हवीय,” ती हट्टाने म्हणाली.

सासूबाई ताट माझ्या हातात देऊन आत धावल्या. मी मागोमाग गेले. त्या विळीवर बसल्या होत्या, हातात अख्खी कैरी, आणि चिरत नव्हत्या. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

“ऐकलंस?” त्या मला म्हणाल्या. “मागतेय गं ती. मागतेय.”

बाहेरून पुन्हा हाक आली, चांगली मोठ्याने, चाळीत मारायची तशी. “आई, किती वेळ!”

“आले गं बाय, आले,” सासूबाई म्हणाल्या आणि कैरी विळीवर धरली.